कज्जी कुणाकडून आली?

आमच्या घरात एकाच दुखण्याला तीन नावे आहेत. सासूबाई कानडी, त्या कज्जी म्हणतात. मी माहेरची मराठी, मी खरूज म्हणते. आणि पन्नासएक वर्षे माळव्यात काढलेली माझी उज्जैनची मावशी खुजली म्हणते. तिन्ही शब्द कानाला सख्खी भावंडे वाटतात. तिन्ही उच्चारताना आवाजही सारखाच खाली जातो. साखर वाढली, गुडघे दुखतात, पित्त झाले हे आपण निपाणी स्टँडवर भेटलेल्या अर्धवट ओळखीच्या माणसालाही सांगतो. खरूज झाली हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, ही न सांगण्याची गोष्ट आमच्या घरी घडली. लिहावे की नको, असा विचार बरेच दिवस केला. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईने त्वचारोगावर काय लिहायचे, असेही वाटले. पण गोष्ट शेवटी तारखांचीच निघाली, आणि तारखा हा आमचा धंदा.

मावशीचे सासर जुन्या उज्जैनीत, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराच्या बाजूला. पुढे घरात माणसे वाढली, तेव्हा मुलांनी नानाखेड्यात घर बांधले. इंदूरच्या रस्त्याला शहराच्या ह्या अंगाला नवी वस्ती झाली आहे, बसस्टँड आहे, मोठे रस्ते आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे मावशीच्या नातवाची मुंज होती. मी दोन्ही मुलींना घेऊन मिरज, पुणे करत गेले. सासूबाई आणि यजमान इथेच राहिले.

मुंजीचे घर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. खाली बायका, हॉलमध्ये पुरुषमंडळी, आणि सगळी पोरेसोरे गच्चीवर. माळव्यातली उन्हाळी रात्र गार म्हणून नावाजलेली आहे. दिवसा अंगाची लाही होते, पण रात्री गच्चीवर वारा सुटतो. गाद्या एकीला एक लावून दहा-बारा मुले आडवी व्हायची, पहाटे गारठा वाटला की दोघा-तिघांत एक चादर ओढली जायची. माझी धाकटी सात वर्षांची. ती मावसभावंडांत अशी मिसळली की चार रात्री माझ्याकडे झोपायला आलीच नाही. मला किती बरे वाटले होते! आपली मुले कानडी मुलखात वाढतात, तिकडची हिंदीत, तरी रक्त ओळखते, असे काहीबाही मी परतीच्या गाडीत थोरलीला सांगत होते.

जूनच्या दहा तारखेच्या सुमाराला आमच्याकडे धुण्याभांड्यांना नवीन बाई लागल्या. घरी नवऱ्याचा हात नाही, पदरात तीन मुले. त्यांची मधली मुलगी आठ वर्षांची, शाळा सुटली की आईबरोबर आमच्याकडे यायची. आमच्या धाकटीची आणि तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. सागरगोटे, पाटी-पेन्सिल, पाऊस लागला की एका पांघरुणात बसून टीव्ही. आमची मराठीत बोलायची, ती कानडीत उत्तर द्यायची, आणि दोघींचे कुठेही अडत नव्हते.

जून संपत आला तशी धाकटी रात्री चुळबुळ करू लागली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुटकुळ्या. मी म्हटले घामोळे असेल, नाहीतर मुंग्या चावल्या असतील. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. कुठल्याही खाजेवर चालते, असे सांगून दिलेली. चार दिवस आराम पडला, मग दुप्पट खाज. नंतर कळले की तीत स्टेरॉइड होते. अशी मलमे त्वचेची लाली आणि खाज दाबतात, किड्याला काही करत नाहीत. उलट खरजेचे रूप असे बदलते की पुढे डॉक्टरलाही ओळखायला जड जाते. नायटा, गजकर्ण, ज्याला कानडीत हुळुकड्डी म्हणतात, त्याचेही हेच होते. एम.ए. झालेल्या बाईने दुकानदाराच्या सांगण्यावरून मुलीच्या अंगाला काय चोळावे, ह्यावर आता मी काही बोलत नाही.

जुलैत थोरलीलाही सुरू झाले, मग मला. सासूबाईंनी सांगितलेच नाही. त्या पदराआड खाजवत होत्या आणि म्हातारपणाची कोरडी कातडी म्हणून खोबरेल लावत होत्या. धाकटी रात्री त्यांच्याच कुशीत झोपते, हे इथे सांगून ठेवते.

जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सासूबाईंना बाईंची मुलगी मागच्या पायरीवर बसून पोट आणि हात खाजवताना दिसली. त्यांनी तिचा हात धरून बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि आत येऊन मला म्हणाल्या, "ई कज्जी अकी मगळिंद बंदैती." हिच्या मुलीकडून आली ही. मला ते इतके पटले की क्षणभरही विचार केला नाही. कारण ते पटायला सोपे होते. झोपडीवजा घर, एका खोलीत माणसे, नळाला एक दिवसाआड पाणी. मी बाईंना म्हटले, काही दिवस येऊ नका. महिन्याचा पगार पूर्ण दिला आणि त्या पैशाने माझे मनही साफ झाले. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीला पुढे घालून निघून गेल्या.

दोन दिवसांनी कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी धाकटीची मनगटे भिंगातून पाहिली आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक राखाडी रेघ मला दाखवली. पाच-सात मिलिमीटरची वाकडी रेघ, टोकाला ठिपका. ते खरजेच्या किड्याचे बीळ. मादी किडा जेमतेम 0.4 मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला दिसला तर टाचणीच्या टोकाएवढा. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि महिना-दीड महिन्याच्या आयुष्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनएक आठवड्यांत नवी पिढी तयार. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, बायकांना छातीखाली, पुरुषांना जांघेत. अगदी लहान मुलांना तळहात, तळपाय आणि डोक्यावरही.

मी लगेच सांगून टाकले, आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलीकडून आली. डॉक्टरांनी विचारले, "त्या कधीपासून येतात?" दहा जूनपासून. "आणि ह्या मुलीची खाज?" वीस-बावीस जूनपासून. त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक आडवी रेघ ओढली. तीवर दोन खुणा केल्या आणि म्हणाले, "बारा दिवसांत येत नाही. आधी कधी झाली होती का हिला? नाही ना? मग मागे जा. चार ते सहा आठवडे मागे. तेव्हा कुठे होता तुम्ही?"

बावीस जूनपासून सहा आठवडे मागे मोजले. नानाखेड्याच्या गच्चीवर येऊन पोचले.

ह्या हिशेबामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण घरोघरी होणारी चूक इथेच आहे. खरजेची खाज किड्याच्या चावण्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा ह्यांना आपल्या शरीराने वावडे धरले की खाज सुटते. ते वावडे तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. एवढा काळ माणूस अगदी ठणठणीत दिसतो, खाजवत नाही, आणि तरी त्याच्या अंगावरचा किडा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ज्याला पूर्वी एकदा खरूज होऊन गेली आहे, त्याचे शरीर मात्र शत्रूला ओळखते. त्याला एक ते चार दिवसांत खाज सुटते. म्हणजे घरात पहिल्यांदा जो खाजवतो त्यानेच आणली, असे नसते, आणि ज्याला खाज नाही तो मोकळा, असेही नसते.

कामवाल्या बाईंच्या मुलीची खाज जुलैच्या मध्यापासूनची. दहा जूनपासून पाच-सहा आठवडे. रेघ तीच, खुणा दोनच, फक्त बाण उलटा. तिने आम्हाला दिली नव्हती. आम्ही तिला दिली होती.

रात्री मावशीला फोन केला. आधी इकडचे तिकडचे, मग मी आवाज खाली करून विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अगं, आमच्याकडे पण सगळ्यांना खुजली सुरू आहे. तो वसतिगृहात असतो ना, सुट्टीला आलेला, त्याचे हात मुंजीच्या आधीपासूनच तसे होते. पण कार्याच्या घरात बोलायचं कसं? त्याची आई म्हणाली, गर्मीचं आहे." मी मावशीवर रागावणार होते. मग आठवले की आपणही महिनाभर घामोळेच म्हणत होतो.

हा मुलगा काही अस्वच्छ नव्हे. खरूज घाणीतून होते हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. बीळ कातडीच्या आत असते, साबणाने ते धुऊन जात नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती तितकीच होते. दाटीच्या घरात ती जास्त दिसते, कारण तिथे कातडीला कातडी जास्त वेळ लागून राहते आणि सगळ्यांना एकाच वेळी औषध परवडत नाही. वसतिगृहे, आश्रमशाळा, तुरुंग, वृद्धाश्रम इथे ती वारंवार उद्भवते ती ह्याच कारणाने. जगात कोणत्याही क्षणी 20 कोटींहून अधिक लोकांना खरूज असते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि 2017 साली संघटनेने तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले.

मग ती पसरते कशी? किडा उडत नाही, उडी मारत नाही, फक्त रांगतो, आणि तोही सावकाश. त्यामुळे नुसते हात मिळवल्याने, बसमध्ये खेटून उभे राहिल्याने सहसा लागण होत नाही. दहा-पंधरा मिनिटे किंवा जास्त वेळ अंगाला अंग लागून राहावे लागते. शेजारी झोपणे, मुलाला कडेवर घेणे, अंगाला तेल चोळणे, वेणी घालताना पोरीला मांडीशी धरून बसवणे, हातात हात घालून खेळणे, नवराबायकोचा सहवास. यादी वाचलीत? आपण ज्याला माया म्हणतो ते सगळे हिच्यात आहे. खरूज वैऱ्याकडून येत नाही. ज्यांच्याजवळ आपण झोपतो त्यांच्याकडून येते.

कपड्यांचे आणि पांघरुणांचे काय? इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट सापडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये खरूज फार फैलावली. सरकारी समज असा की सैनिकांची ब्लँकेटे हे मूळ, म्हणून अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करण्यावर खर्च चालला होता. केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1941 पासून शेफील्डमध्ये प्रयोग केले. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे तरुण स्वेच्छेने ह्या कामासाठी पुढे आले. रुग्णांनी वापरलेल्या ब्लँकेटांत ते उघड्या अंगाने झोपले, रुग्णांचे न धुतलेले आतले कपडे त्यांनी घातले. लागण झाली ती अगदी थोड्यांना. रुग्णाच्या शेजारी एका अंथरुणात झोपायला लावल्यावर मात्र ती झाली. पहिल्या खेपेला महिनाभर काहीच जाणवत नाही हेही ह्याच तरुणांनी अंगावर भोगून दाखवले. आणि एका साध्या खरूजवाल्या माणसाच्या अंगावर पूर्ण वाढलेल्या माद्या असतात तरी किती? मोजून पाहिल्या तर सरासरी दहा-बारा. एवढ्या दहा-बारा जणी रात्रभर घर जागे ठेवतात!

एक अपवाद आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती खूप खालावलेली आहे, अशांना, आणि कधी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना, खपल्यांची खरूज होते. अंगावर जाड पापुद्रे धरतात आणि त्यांत किडे हजारोंनी असतात. कधी खाजही नसते. अशा माणसाच्या चादरीवरून, खुर्चीवरूनसुद्धा लागण होते. घरातल्या आजारी म्हाताऱ्या माणसाच्या हातापायांवर, कोपरांवर जाड खपल्या दिसल्या तर कोरडी कातडी म्हणून सोडून देऊ नका.

डॉक्टरांनी परमेथ्रिनचे 5 टक्क्यांचे मलम लिहून दिले, घरातल्या प्रत्येकासाठी. यजमान नोकरीनिमित्त हुबळीला असतात, शनिवार-रविवार घरी. त्यांना खाज नव्हती. "मला कशाला? मी तर घरात नसतोच," हे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांनी बजावले होते की एकजण जरी राहिला तरी महिन्याने सगळे परत माझ्यासमोर बसलेले असाल. शेवटी सासूबाईंनीच मुलाला कानडीत दोन शब्द सुनावले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःचे हात मला पदराबाहेर काढून दाखवले होते, त्यामुळे त्यांच्या आवाजाला धार होती.

शनिवारची रात्र ठरवली. हे मलम खाजेच्या जागी लावायचे नसते. हनुवटीखालपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला लावायचे असते, सुकी त्वचा असताना. बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, बेंबी, कानांमागे, जांघा, पावलांचे तळवे, काही सोडायचे नाही. मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. आपल्याकडे एक ट्यूब चौघांत पुरवतात, तिथेच औषध हरते. लहान बाळांना डॉक्टर डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड वगळून, लावायला सांगतात. आठ ते बारा तास ठेवून सकाळी आंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचे. आमच्याकडे पाठीला कुणी कुणाच्या लावायचे ह्यावरून जरा गोंधळ झाला, थोरली तेरा वर्षांची आहे, तिने दार लावून घेतले आणि फक्त आजीला आत घेतले. रात्री पाचही माणसे चिकट अंगाने पंख्याखाली पडलेली, आणि कुणालाच झोप नाही. तरी बऱ्याच दिवसांनी घर मोकळेपणाने हसले.

रविवारी सकाळी मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले सगळे, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, रोजचे कपडे, कडक पाण्यात भिजवून धुतले. जुलैच्या निपाणीत ऊन कुठले? घरातच दोऱ्या बांधल्या आणि वाळल्यावर प्रत्येक कपड्यावरून गरम इस्त्री फिरवली. दुलया धुण्यासारख्या नव्हत्या, त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आठवडाभर माळ्यावर टाकल्या. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, त्यामुळे घर धुवून काढण्याची, औषध फवारण्याची गरज नसते. पुढच्या शनिवारी मलमाची दुसरी खेप. ही दुसरी खेप कितीतरी घरे चुकवतात, कारण तोवर बरे वाटायला लागलेले असते. पहिल्या खेपेतून वाचलेल्या अंड्यांतून जे बाहेर येते, त्यासाठी ती असते.

आणखी एक सांगून ठेवते. किडे मेले तरी खाज लगेच थांबत नाही. मेलेले किडे कातडीतच असतात, शरीर त्यांच्यावर रागावलेलेच असते. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. औषध लागू पडले नाही असे समजून काही जण रोज मलम चोळतात आणि कातडी भाजून घेतात. महिना उलटला, नव्या पुटकुळ्या आल्या, तर परत डॉक्टर.

पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत. आयव्हरमेक्टिन हे नाव तुम्ही 2020-21 च्या करोनात ऐकले असेल. तेव्हा लोकांनी ते कशावरही खाल्ले. खरजेवर मात्र ते खरोखर चालते. ज्यांच्या संशोधनातून हे औषध आले त्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल ह्यांना 2015 चे नोबेल मिळाले. वजनाप्रमाणे मात्रा, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा. पण 15 किलोहून कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, म्हणून ते मनाने घ्यायचे औषध नव्हे. फिजी बेटांवर सगळ्या वस्तीला एकदम हे औषध देऊन पाहिले, खाज असो वा नसो. 2015 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शंभरात बत्तीस जणांना असलेली खरूज वर्षभरात शंभरात दोघांवर आली. आमच्या पाच माणसांच्या घराचे गणित तेच, फक्त लहान.

आपले जुने उपाय? गंधक अगदीच टाकाऊ नाही. गंधकाचे मलम आजही डॉक्टर तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना देतात. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर बरे वाटते, पण तेवढ्यावर बिळातला किडा मरेल ह्या भरवशावर राहू नका. रॉकेल, शेतातली कीटकनाशके, गुरांची औषधे अंगाला लावण्याचे प्रकार आपल्या भागात अजून होतात. ते मात्र कृपा करून नको. कुत्र्याच्या लूत किड्याने माणसाला थोडी खाज येते, पण तो आपल्या अंगावर वंश वाढवू शकत नाही. त्याला उगाच बाहेर काढू नका.

खाज हे काही जीवघेणे दुखणे नाही, म्हणून थट्टाही होते. पण मुले नखांनी ओरबाडतात, जखमा होतात, त्यांत जंतू शिरून पू धरतो. त्यातल्या काही जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. अशा मुलाचा सकाळी चेहरा सुजलेला दिसला, लघवी काळपट-लाल झाली, तर त्या दिवशीच दवाखाना गाठा.

ह्या किड्याचा इतिहास वाचताना एका गोष्टीने मी हरखले. 1687 साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरने चेस्तोनी ह्या औषधविक्रेत्याच्या साथीने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला, त्याचे चित्र काढले आणि खरूज ह्याच्यामुळे होते असे पत्रात लिहिले. त्याला हे सुचले कशावरून? गरीब बायका आपल्या खरूजलेल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी काढतात, हे पाहून. मोठमोठ्या वैद्यांनी ते मानले नाही. पुढे जवळपास दीडशे वर्षांनी, 1834 मध्ये, पॅरिसच्या इस्पितळात एका कॉर्सिकन विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. तेही तो गावाकडच्या बायकांकडूनच शिकला होता. बायकांना ठाऊक होते, त्यांना कुणी विचारले नव्हते.

मीही विचारले नव्हते. ज्या दिवशी बाईंना येऊ नका म्हटले, त्या दिवशी मुलीची खाज कधीपासून, एवढा एक प्रश्न विचारला असता तर कोल्हापूरला न जाताही उत्तर मिळाले असते. त्या रोज मुलीची वेणी घालत होत्या. त्यांना दिवस पक्का ठाऊक होता.

आमची पहिली खेप झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी त्यांच्या घरी गेले. डॉक्टरांना आधी फोन करून चौघांचे औषध विचारले होते, धाकट्याचे वजन अंदाजाने सांगितले होते, ट्यूबा पिशवीत घेतल्या होत्या. काय बोलायचे ते वाटेत कानडीत जुळवत होते. माझे कानडी भांडणाला पुरते, माफी मागायला अपुरे पडते. कसेबसे सांगितले की आमच्या घरून तुमच्या मुलीला झाली, तुमच्याकडून आम्हाला नाही. त्या चुलीजवळून उठल्या, हात पुसले, म्हणाल्या, "इरली बिड्री, अक्कोर." राहू द्या. मग ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला. त्या आणखी दोन घरी कामाला जातात, मुलगी तिथेही जाते, तिथल्या मुलांशी खेळते. त्यांना कुणी सांगायचे? त्यांनी स्वतः सांगितले तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद. सांगितले नाही तर ती मुले, आणि महिन्याने परत ही.

ह्याला माझ्याकडे एकच उत्तर होते. दोन्ही घरे ओळखीची, एक तर आमच्याच गल्लीतले. सोमवारी कॉलेजहून येताना मी दोन्हीकडे गेले, चहा घेतला आणि सांगितले की आम्ही उज्जैनहून मुंजीला जाऊन आलो, तेव्हा मुलींनी खरूज आणली, ती आमच्या घरातून बाईंच्या मुलीला गेली आहे, तिच्या घरी औषध सुरू आहे, तुमच्या मुलांचे हात पाहा. मोठ्याने, आवाज न उतरवता सांगायचे असे ठरवले होते. जमले साधारण.

एका घरात बाईंचे काम तसेच राहिले, आणि तिथे दोघा मुलांना सापडलीही, वेळेवर. दुसऱ्या घरीही त्यांचे काम गेले नाही. ऑगस्टपासून त्या आमच्याकडेही परत येऊ लागल्या, मुलीसह. सासूबाईंनी पहिल्या दिवशी काही न बोलता मुलीच्या हातावर लाडू ठेवला आणि बेचक्याही तपासून घेतल्या.

मावशीचा फोन परवा आला होता. 2028 च्या सिंहस्थाला सगळे या, नानाखेड्याच्या घरात पाय पसरायला जागा आहे, म्हणाली. आणि स्वतःहून सांगितले, "सगळ्यांनी दोन-दोन वेळा औषध लावलंय बरं का. आणि पोरांच्या गाद्या ह्या वेळी जरा लांब लांब घालू."

त्या दुसऱ्या घरून मात्र श्रावणातल्या हळदीकुंकवाचे बोलावणे मला आले नाही.